नंदीच्या गळ्यातले घुंगरू

शुक्रवार, पोळ्याची संध्याकाळ

दीड वर्षाची झाली तरी चिनू बोलत नाही, म्हणून गाणी म्हणणारी बदकगाडी मीच आणली होती. गाणं लागलं की दिवे लागतात आणि चिनू नाचते. आज सासूबाईंचं डोकं दुखत होतं, म्हणून मी गाडीचा आवाज बंद केला. दिवे चालूच होते. चिनू तशीच नाचली. अगदी तशीच.

मग इतके दिवस ती कशावर नाचत होती?

यांना सांगितलं, तर म्हणाले, "काऊन घाबरून राह्यली तू? आमच्या घरी सारेच उशिरा बोलतात." असेल. पण आवाज बंद होता ना.

उद्याच्या तान्ह्या पोळ्यासाठी सासूबाईंनी तिला लाकडी नंदी आणलाय, गळ्यात घुंगरू बांधलेला. यातून पोर काय शिकणार, असं मनात आलं होतं. संध्याकाळी तोच नंदी घेऊन चिनूच्या पाठीमागे बसले. एकदा वाजवायचा आणि बघायचं, वळते का. एवढंच करायचं होतं.

ती दिवे बघत बघत पेंगून तिथेच लवंडली. तोवर मी घुंगरू मुठीत गच्च धरून बसले होते, चुकूनही वाजू नयेत म्हणून.