तिसऱ्या खुर्चीचे उदाहरण

मंगळवार, ७ एप्रिल

श्रीमती युडोरा लॉरेन मॅकेल्वी, आज तुझे केशभूषेचे दुकान मी उघडले. कुलूप बराच वेळ अडले. तू दार किंचित उचलून किल्ली फिरवायचीस, हे उशिरा आठवले.

रुग्णालयात, शेवटच्या दिवसांत, माझा हात धरून तू म्हणालीस, "नील, माझ्या पोरींचं दुकान बंद पडू देऊ नकोस." सारी नोकरी मी ब्रॉन्क्सच्या न्यायालयात लघुलेखक म्हणून केली, तुझे वाक्य अक्षरशः घेतले आहे. मी होकार दिला. तोही नोंदीत आहे.

परिस्थिती अशी. पहिल्या खुर्चीवर टवांडा बिग्ज, तुझी सर्वांत जुनी कारागीर. मधली खुर्ची तुझी; तिच्या पाठीवर तुझा जांभळा अंगरखा तसाच आहे. तिसऱ्या खुर्चीवर रेनिटा हॉलोवे. दोघी आपापल्या खुर्चीचे भाडे देतात, त्यातून दुकानाचे भाडे जाते. करार ३० जूनला संपतो. घरमालक श्री. फेलिसियानो म्हणाले, खुर्च्या भरलेल्या दिसल्या की नव्या करारावर सही करतो. अडचण काही नाही.

दोष एकच. गाणी.

गुरुवार, ९ एप्रिल

दिवसभर हिप-हॉप. एका गाण्यात स्त्रीला कुत्रीच्या वर्गात टाकणारा शब्द इतक्या वेळा आला की तो शिवी न वाटता सर्वनाम वाटू लागला. दुसऱ्यात गायक आपली मोटार, आपले घड्याळ आणि आपली मैत्रीण यांचे वर्णन करतो. मोटारीचे वर्णन अधिक आदरपूर्वक आहे.

आणि हे ऐकत सुशील स्त्रिया बारीक वेण्या घालून घेण्यासाठी दिवसच्या दिवस मान वाकवून बसतात! उठून जाता येत नाही. डोके दुसरीच्या हातात असते.

टवांडाला विचारले, तुम्हाला यात अपमान वाटत नाही काय. तिने वेणीवरून नजर काढली नाही. म्हणाली, "मिस्टर मॅक, त्या गाण्यातली बाई मी नाही. आणि गाणारा कोण, माहितीये? आमच्या गल्लीतला डॅरेल. त्याची आई अजून त्याला कचरा टाकायला खाली पाठवते." सर्व जणी हसल्या. रेनिटा हसली नाही.

निष्कर्ष: अपमान इतका अंगवळणी पडला आहे की तो जाणवतच नाही. त्यांच्या वतीने कोणीतरी बोलणे आवश्यक.

शनिवार, ११ एप्रिल

गर्दी. तुझी 'हात वर' ही पद्धत आज प्रथमच लक्षपूर्वक पाहिली. खुर्चीत बसलेल्या बाईला एखादे गाणे नको असेल तर ती अंगावरच्या कापडाखालून हात वर करते. गाणे तत्काळ बदलते. कारण कोणी विचारत नाही.

आमच्या चर्चमधील वयोवृद्ध श्रीमती पिंकनी यांनी हात वर केला तेव्हा मला हायसे वाटले. परंतु त्यांनी भक्तिगीत बंद करायला लावले. "ते रविवारी ऐकतेच की. ती नवी गाणारी पोरगी लावा गं, नवऱ्याला सामानासकट घराबाहेर काढते ती."

न्यायालयात आक्षेप घेणाऱ्याला कारण द्यावे लागते. येथे कारण नाही, निर्णय नाही, नोंद नाही. तू स्वतःही, मी तुला न्यायला येत असे तेव्हा पाहिले आहे, हातातले गिऱ्हाईक अर्धे सोडून मध्येच एखाद्या रिकाम्या खुर्चीत बसायचीस आणि हात वर करायचीस. तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांबद्दल मी तेव्हाच बोलायला हवे होते.

बुधवार, १५ एप्रिल

निश्चय अमलात आणला. स्पीकर कपाटात बंद. त्याऐवजी व्हायोलिन आणि चेलो, मंद आवाजात. भिंतीवर पाटी: 'या दुकानात स्त्रीचा सन्मान होतो.'

टवांडाने पाटी वाचली आणि विचारले, "मग आधी काय होत होतं?" प्रश्न नोंदवून घेतला; उत्तर उद्या देईन.

हात वर करण्याची पद्धतही बंद केली. आक्षेप घेण्यासारखे काही उरलेलेच नाही.

शनिवार, २५ एप्रिल

परिणाम उत्तम. दुकानात विलक्षण शांतता. गिऱ्हाइके थोडी कमी दिसतात. हवा अजून स्थिर नाही.

टवांडाची तक्रार: तालावाचून बोटे चालत नाहीत. एका मुलीचे काम संध्याकाळपर्यंत अर्धेच झाले; ती अर्ध्या डोक्याला रुमाल बांधून, येथे लिहिता न येणारे काही बोलत निघून गेली. "हे तुमचं संगीत ऐकलं की दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटतं," टवांडा म्हणाली. "तोंड आपोआप उघडतं माझं." अभिरुची बदलण्यास काळ लागतो.

दुकान बंद केल्यावर घरी गेलो नाही. दुकानात तू नाहीस हे दिसते. घरी ते ऐकू येते. तुझ्या अंगरख्याला पाठ करून बसलो आणि केवळ अभ्यास म्हणून हेडफोन लावून ती गाणी ऐकली. मध्ये पाहिले तर पाय हलत होता. फरशी गार आहे.

मंगळवार, ५ मे

आनंदाची बातमी. महिला रविवारी, म्हणजे भगिनींच्या गौरवाच्या वार्षिक उपासनेत, चर्चमध्ये 'थोडक्यात दोन शब्द' बोलण्यास पास्टरांनी मला परवानगी दिली. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा दिली. विषय: 'हिप-हॉप आणि आमच्या भगिनींची विटंबना'. टवांडाने विचारले, महिला रविवारी बायका का नाही बोलत. मी म्हणालो, त्या बोलतातच. मी त्यांच्याविषयी बोलेन. ती म्हणाली, "वा."

भाषणास पुरावा हवा होता. तो आज आपणहून आला. दुपारी गिऱ्हाईक नव्हते. टवांडा सँडविच आणायला गेली होती. रेनिटा टॉवेलांच्या घड्या घालत होती. मी विषय काढला. तिने हातातली घडी पूर्ण केली. मग म्हणाली:

"मी होते अशा एका व्हिडिओत. एकोणीस वर्षांची होते. भर फेब्रुवारीत, नदीच्या धक्क्यावर, पोहायच्या कपड्यांत. डोक्यावर शॅम्पेन ओतायचे. शॅम्पेन कसली, साधा सोडा. केसांतच गोठायचा. सगळ्यांची नावं आली शेवटी, कॅमेरा धरणाऱ्याचंसुद्धा. आमची नाही. डावीकडून तिसरी, ती मी."

गाणे देशभर गाजले. मीही ते अभ्यासात ऐकले आहे. या हिवाळ्यात तिच्या मुलीच्या, अमायाच्या, वर्गात कोणीतरी तो व्हिडिओ शोधून काढला. "पोरगी माझ्याशी बोलायचीच बंद झाली, मिस्टर मॅक. ताट घेऊन खोलीत जायची. आत्ता कुठे परत माझ्यासमोर बसून जेवते."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "आणि खरं सांगू? ते गाणं कुठे लागलं की माझे खांदे अजून हलतात. डोक्यात तिडीक जाते आणि खांदे हलतात. राग कुणाचा करायचा, सांगा."

शेवटी: "हे तुमच्याजवळच ठेवा हं. मिस युडोराला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला नाही."

मी शब्द दिला की तिचे नाव माझ्या तोंडून निघणार नाही.

रविवार, १७ मे

महिला रविवार. सर्व भगिनी पांढऱ्या पोशाखात, पांढऱ्या हॅट घालून. तुझी जागा मी मोकळी ठेवली होती.

भाषण यशस्वी झाले. दोन शब्द जरा वाढले. एरवी आमच्याकडे वक्त्याला वाक्यावाक्याला 'आमेन' आणि 'हो, सांगा' अशी दाद मिळते; आज विषयाचे गांभीर्य एवढे की एकही आवाज उमटला नाही. हातातले पंखेसुद्धा थांबले. विशेषतः उदाहरणाच्या वेळी. मी म्हणालो, "माझ्या दिवंगत पत्नीच्या दुकानात, तिसऱ्या खुर्चीवर काम करणारी एक माता..." आणि पुढे धक्का, थंडी, सोडा, सर्व क्रमाने. नाव घेतले नाही. शब्द पाळला.

मधूनच रेनिटा उठून बाहेर गेली. उष्मा फार होता. अमाया शेजारीच बसली होती. ती उठली नाही. बुटांकडे पाहत राहिली. लहान वयात एवढी एकाग्रता क्वचित आढळते.

नंतर तळघरात भोजन. तळलेले मासे, चीज घातलेली मॅकरोनी, रताळ्याची गोड पाई. माझ्या टेबलावर कोणी आले नाही. वक्त्यास विश्रांती हवी, हे लोकांना कळते.

मंगळवार, १९ मे

रेनिटा आली नाही. टवांडा आली, पण अंगरखा न चढवता माझ्यासमोर उभी राहिली.

"तिसरी खुर्ची म्हणालात तुम्ही."

मी निदर्शनास आणले की नाव उच्चारलेले नाही. कोणीही नोंद तपासावी.

"अहो, अर्धं चर्च त्या खुर्चीत बसून वेण्या घालून घेतं! आणखी काय सांगायचं राहिलं होतं, पत्ता? त्या व्हिडिओवाल्यांना निदान तिचं नाव माहीत नव्हतं, मिस्टर मॅक. तुम्हाला माहीत होतं."

मी म्हणालो, माझा हेतू स्त्रियांच्या बाजूने बोलण्याचा होता.

"ते ऐकलं आम्ही. सगळ्या बसलेल्याच होतो." मग तिने तुझ्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवला. "मिस युडोरा मध्येच येऊन बसायची ना खुर्चीत? एकच गाणं लागलं की बसायची. हात वर करायचा हक्क बसलेल्या बाईचा. उभ्या कारागिराला तो नाही. रेनिटा उभी. म्हणून मिस युडोरा स्वतः बसायची आणि हात वर करायची. इतकी वर्षं. का, ते आम्हाला कळलं नाही. विचारायचं नसतं. परवा तुमच्या तोंडून कळलं."

मी विचारले, आणि गुडघे?

"गुडघ्यांना काय धाड भरली होती तिच्या!"

निश्चय: रेनिटाकडे समक्ष जाऊन, शिस्तशीर क्षमा मागायची. सारे पूर्ववत होईल.

शुक्रवार, २२ मे

क्षमेची वाक्ये पाठ केली. 'आपल्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास' यातील 'असल्यास' काढावे की ठेवावे, यावर दोन दिवस गेले. ठेवले. मग काढले.

रेनिटाच्या दाराशी गेलो. अमायाने साखळी न काढता दार उघडले. मी हॅट काढली. आतून रेनिटाने विचारले, "कोण आलंय गं?" अमाया माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "कुणी नाही, ममा. तू बस. जेवण गार होतंय." दार बंद झाले.

मायलेकींत बोलणे सुरू आहे, हे यावरून सिद्ध होते. समाधान वाटले. जिन्यावर थोडा वेळ बसावे लागले.

शनिवार, ६ जून

टवांडाने आज आपले कंगवे गोळा केले. रस्त्यापलीकडच्या दुकानात दोन खुर्च्या मोकळ्या होत्या. रेनिटा तेथे आधीच काम करू लागली आहे.

मी ताबडतोब स्पीकर कपाटातून काढून दिला. सांगितले, हवे ते लावा. 'हात वर' पुन्हा सुरू केल्याची नवी पाटीही लिहून आणली होती. तिने वाचली.

"हे पाटी लावून होत नसतं, मिस्टर मॅक." आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर बरे झाले असते. "तुम्ही वाईट माणूस नाही. पण रोज इथे उभं राहायचं आणि आमचं भलं कशात आहे ते तुम्ही ठरवताना ऐकायचं... डॅरेलचं गाणं निदान चार मिनिटांत संपतं."

दुपारी श्रीमती पिंकनी आल्या. रिकाम्या खुर्च्या पाहून दारातच थांबल्या. मी सुचवले, केस धुऊन देणे मला जमेल. तुझ्या आजारपणात तुझे धूत होतो. त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. "कॉर्नेलियस, बाळा, घरी जा."

प्रत्येकाला घर हा उपाय वाटतो.

श्री. फेलिसियानो यांच्यासाठी योजना: तिन्ही खुर्च्यांवर स्वच्छ टॉवेल अंथरायचे. भरलेल्या दिसतील.

मंगळवार, ३० जून

श्री. फेलिसियानो काल टॉवेल पाहून गेले. करार झाला नाही. तुझ्याविषयी फार चांगले बोलले. आज दुपारपर्यंत जागा मोकळी करायची होती.

सामान हलवले. दोन्ही पाट्या उतरवल्या. तुझा अंगरखा घडी करून घेतला. अजून तुझ्या तेलाचा वास आहे. खुर्च्या जमिनीत पक्क्या बसवलेल्या आहेत, त्या राहतात. बसायला दुसरे काही नव्हते म्हणून तिसऱ्या खुर्चीत बसलो.

बाहेर सिग्नलला एक मोटार थांबली. काचा खाली, आवाज पूर्ण. तेच गाणे. दुकानाची काच थरथरू लागली. धक्का, थंडी, डावीकडून तिसरी. माझे खांदे हलले.

मी हात वर केला.

गाणे बदलले नाही. दुकानात दुसरे कोणी नव्हते. सिग्नल हिरवा होईपर्यंत हात वर धरून ठेवला. मग मोटार गेली. कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होते.

हात का वर केला, ते नोंदवीत नाही. विचारायचे नसते.

दार किंचित उचलून किल्ली फिरवली. पहिल्या खेपेस लागले. किल्ल्या श्री. फेलिसियानो यांना परत केल्या.