तुझ्या पुढं कोण?

डोंगरकडा, शनिवार संध्याकाळ, माघ, सन १९४१

औंढ्याच्या सहलीचा घोळ आज मिटला, आणि माझी फजितीही झाली. मागच्या वर्षी एक पोरगी नागनाथाच्या देवळात मागे राहिली. मी हजेरीपट काखेत घेऊन सगळ्यांच्या पुढे चालत होतो. म्हणून यंदा आईबापांची अट पडली की, सोबत बंजारा तांड्यावरचे सोमला नाईक हवेतच. त्यांच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहिलेलं, शेकडो कोस, वाटेत कुणी न हरवता.

नाईकांनी आज शाळेच्या पटांगणात तालीम घेतली. माझा हजेरीपट पाहून हसले. "मास्तर, काहून मोजून राहिले? ज्यानं त्यानं आपल्या पुढचा सांभाळायचा. पुढचा दिसंना की वरडायचं. बस." मग एकेका लेकराला विचारलं, तुझ्या पुढं कोण? सगळ्यांना पाठ झाल्यावर मलाही रांगेत मधेच उभं केलं. मी म्हटलं, मी शिक्षक, माझी जागा पुढे. म्हणाले, "मागल्या साली पुढंच व्हते ना तुमी?"

रांग निघाली. विहिरीपाशी आलो आणि आठवलं, हजेरीपट शाळेच्या पायरीवरच राहिला. गुपचूप मागे वळलो. दहा पावलंही गेलो नसेन, तोच माझ्या मागची सहा वर्षांची येसू सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली, "नाईकबाबा, मास्तर हरवले."

सोमवारी निघतोय. हजेरीपट नेत नाही.