देवाच्या डब्यातला तांदूळ

कलकत्ता, ७ नोव्हेंबर १९६७, मंगळवार

प्रिय लीना,

तुला आजीचा प्रभूमध्ये सलाम. तर सगळ्यांत आधी कोण आलं म्हणशील तर प्रेमलताबाई. रविवारी उपासनेहून येऊन मी लुगडंसुद्धा बदललं नव्हतं, तर ह्या बाई दारात, हातात छत्री. अगं, ऊन नाही, पाऊस नाही, छत्री कशाला? तर म्हणे कालीपूजेचे उरलेले फटाके पोरं अजून उडवतात, अंगावर ठिणगी नको. आत येऊन बसल्या, पाणी प्याल्या आणि मग सांगतात काय, की बराकपूरचे पाटोळे मागच्या ट्राममधून येताहेत. चांगले पाच जण! आणि हे सांगायला बाई दहा मिनिटं आधी आलेल्या. हेमाचं, तुझ्या आईचं, तोंड बघायला हवं होतंस. हेमाने तिघांपुरती डाळ घातलेली.

तुला अक्षर बघून कळलंच असेल की हे मी माझ्या हाताने लिहिते आहे. एरवी मी सांगते आणि हेमा लिहिते, ते तुला सवयीचं. माझं शिक्षण ते केवढं, बाप्तिस्म्याआधी मिशनच्या बाईंनी शास्त्र वाचण्यापुरतं शिकवलं तेवढंच. वाचते भरभर, पण लिहायला बसले की एकेक अक्षर भाकरीएवढं होतं. म्हणून दोन इनलँड पत्रं आणलीत. पोस्टात मी एकटी गेले, त्या बाबूशी हिंदी बोलले, त्याला कळलंसुद्धा. घरात कोणाला सांगितलं नाही.

तर पाटोळे आले. श्यामराव, म्हणजे जयंतचे वडील, पलटणीत सुभेदार होते ते, मिशा अजून तशाच. त्यांची बायको, म्हातारी आई, एक बहीण आणि जयंत. जयंत तुला आठवतोच, मी काय सांगू! गेल्या नाताळाला तू रजेवर आलेली होतीस तेव्हा देवळाच्या पायरीवरून माझ्या चपला चोरीला गेल्या, आणि तुझा बाप भर रस्त्यात मला रागावत होता. आई, इथे कोणी चपला बाहेर काढतं का, हे काय नगर आहे? पण मी म्हणते, देवापुढे पायताण घालून जायचं तरी कसं? इथली माणसं बूट वाजवत वेदीपर्यंत जातात, त्यांचं त्यांना. आपल्या गावाकडे देवळाच्या दाराशी सगळ्या मंडळीच्या वहाणांचा ढीग पडायचा, कधी एक गेली नाही. तर तेव्हा ह्या पोराने आपल्या चपला माझ्या पायांत घातल्या आणि स्वतः एस्प्लनेडच्या ट्रामपर्यंत अनवाणी चालला. तू त्याच्याशेजारून चालत होतीस आणि हसत होतीस. मी मागून पाहत होते. त्या मोठ्या चपलांत माझी बदकासारखी चाल, पण मन कसं भरून आलं होतं म्हणून सांगू.

जेवायला तर बसवायलाच हवं. इथे तांदूळ रेशनवर मिळतो तो असा की खडे जास्त की दाणे जास्त हे निवडताना कळू नये, आणि तोही संपत आलेला. हेमा डब्यात हात घालून नुसती उभी. तुझा बाप बाहेर पाहुण्यांशी रेल्वेच्या गोष्टी करत होता, पण डोळा सगळा स्वयंपाकघराकडे. मग मी काय केलं, तर देवाचा डबा काढला. तो डालड्याचा जुना डबा, तुला ठाऊक आहे. भात टाकायच्या आधी पहिली मूठ देवाची, ही माझ्या आईची शिस्त. गावाकडे रविवारी बाया ती मूठ ओच्यात बांधून आणायच्या आणि देवळातल्या टोपलीत ओतायच्या. इथल्या देवळात पैशांचं पाकीट घेतात, तांदूळ कोण घेणार? म्हणून मी पावसाळा सरला की साठवायला लागते आणि नाताळला फाटकापाशी बसणाऱ्या आंधळ्या बाईला देते. तिला सणाचे चार दिवस भात होतो. तर तो डबा मी पातेल्यात उपडा केला. हेमा म्हणाली, आई, अहो, हा देवाचा ना? मी म्हटलं, पाहुणेही त्यानेच धाडलेत, तू आधण बघ.

आणि जेवण काय झालं म्हणतेस! सुभेदारांनी तीनदा भात घेतला. म्हातारी म्हणाली, इतका मोकळा भात बराकपुरात आल्यापासून खाल्ला नाही. जयंत मान खाली घालून जेवत होता, पण मी तुझं नाव काढलं की त्याचा घास हातातच राहायचा. मला इतका आनंद झाला होता लीना, की माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. निघताना त्याच्या आईने हळूच विचारलं, मुलीच्या मनात काय आहे? तिला त्या महारोग्यांच्या दवाखान्यातून यायचं आहे ना? आणि मी साखरेची चिमूट तिच्या तोंडात घातली आणि म्हणाले, माझी लीना माझ्या शब्दाबाहेर नाही. तुझा बाप खूश, हेमाने डोळे पुसले, प्रेमलताबाई छत्री विसरून गेल्या.

सोमवारी सकाळी भात टाकायला घेतला. नेहमीसारखी पहिली मूठ देवाच्या डब्यात टाकली. रिकामा डबा गं. दाणे तळाला असे खणखणले की हेमाने विचारलं, काय पडलं? मी म्हटलं, काही नाही. आणि खाली बसले. तेव्हापासून मला चैन नाही. तांदूळ पुन्हा साठेल. नाताळपर्यंत डबा भरला नाही तर त्या आंधळ्या बाईची मी क्षमा मागेन. पण मला तांदळाचं नव्हतं लागलेलं.

तुझं पत्र माझ्या शास्त्रात ठेवलेलं आहे, कोणी पाहिलेलं नाही. तू लिहिलंस, आजी, मला काही सुधरत नाही. इथली माणसं मी गेले तर कोणाच्या हातून जखमा धुवून घेतील, आणि जयंतचीही आठवण येते. तू देवाला विचार आणि मला सांग, तू म्हणशील ते करीन. बाई गं, तीन आठवडे झाले. मी रोज गुडघ्यांवर येते. तुझ्या बापाच्या, मनोहरच्या, खोकल्यासाठी मागते, तांदळासाठी मागते, पाळकसाहेबांच्या डोळ्यांसाठीसुद्धा मागते. तुझं नाव जवळ आलं की पुढच्याच नावावर जाते आणि आमेन म्हणून उठते. का, ते आता सांगते. हे मी तुझ्या आजोबांनाही सांगितलं नव्हतं.

तू चार वर्षांची होतीस, नगरला. तुला घटसर्प झाला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरबाई तुझ्या बापाला बाहेर घेऊन गेल्या आणि मी खाटेपाशी एकटी होते. तुझा श्वास करवतीसारखा वाजत होता. मी म्हटलं, देवा, हिला ठेव, ही तुझी, मी परत मागणार नाही. संध्याकाळी तू पाणी मागितलंस. नंतर मला वाटलं, अशी आजारी पोरं रोज किती, त्याला कुठे आठवत असेल. मी गप्प राहिले. मग तू मोठी झालीस आणि आपणहून त्या दवाखान्यात निघालीस. स्टेशनवर मी रडले, तर सगळ्यांना वाटलं नात चालली म्हणून. मी घाबरून रडत होते. तो विसरला नव्हता.

आता तो काय सांगेल हे मला ठाऊक आहे असं वाटतं, म्हणून मी विचारत नाही. आणि मला जयंत हवा आहे. बराकपूर गाडीने तासाभरावर, तू रविवारी येशील, मी तुझी पोरं खेळवीन, हे मला हवं आहे. सत्तर वर्षं मी देवाची आज्ञा मानते म्हणून मिरवले आणि आता देवाचा तांदूळ पाहुण्यांना वाढून बसले, तशीच तुलाही. पण आणखी एक मनात येतं. तांदूळ माझ्या हातचा होता, तू माझी होतीस का द्यायला? तुला तर कोणी विचारलंच नव्हतं. हे बरोबर की चूक, कोणाला विचारू? इथल्या पाळकसाहेबांचं इंग्रजी मला कळत नाही आणि माझी मराठी त्यांना. म्हणून तुला हे लिहिलं. माझ्या शब्दात राहू नकोस, पोरी. तो शब्द माझा, त्याचा जाब मी देईन. तू स्वतः त्याला विचार, आणि तो सांगेल ते कर. ये म्हणाला तर ये, राहा म्हणाला तर राहा. मनोहरला आणि त्या साखर खाल्लेल्या बाईला मी कसं तोंड दाखवीन, हे मला अजून कळलेलं नाही. तुझं उत्तर मात्र तोवर माझ्या हातात पडू दे. पाटोळे सगळे सव्वीस तारखेला, रविवारी, उपासनेहून सरळ आमच्याकडे सोयरीक पक्की करायला येतो म्हणून सांगून गेलेत.

तुझीच,
आजी