उलटी टोपली

उरण, ता. ११ फेब्रुवारी १९५८

चि. सौ. सगुणास सासू सोनाबाईचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. माझे गुडघे तेवढे ठीक नाहीत, पण त्यांचं कोण ऐकतो. माझ्या मोरूने हे तुला वाचून दाखवावं, मधलं गाळू नये. लिहून देणारे दत्तात्रेय मास्तरही गाळतात. मला वाचता येत नाही, पण त्यांचा हात थांबलेला कळतो.

तुमच्या रतनचा पुढचा दुधाचा दात पडला का?

म्युनिसिपालटीने सुक्या मासळीचा बाजार नवा बांधला. वर पत्रे, खाली सिमेंटचे ओटे, कोपऱ्यात नळ. माझे बोंबील आता माझ्यापेक्षा ऐटीत बसतात.

मोरूची गिरणीतली नोकरी सुटली, आता इकडेच येऊन धंद्याला बसते, बाजारातली फाटकाजवळची आपली दुसरी जागा राखलीत ना, असं तू विचारलंस. तुझ्या त्या पत्राला महिना झाला.

नवा नियम असा, की धंद्याला बसणाऱ्या प्रत्येक बाईला एक ओटा. उरतील ते रस्त्यावर उन्हात बसणाऱ्यांना. म्युनिसिपालटीच्या साहेबांनी विचारलं, "घरात आणखी कोण बसतं?" तुझं नाव सांगितलं असतं तर दुसरा ओटा तुझ्या नावावर लिहिला असता. मागे मिठागराकडची राही उभी होती. पाच वर्षं ती गटाराच्या कडेला सुकट विकते.

मी म्हटलं, "कोन नाय."

त्यांच्या कागदावर अंगठा दिला. तो ओटा राहीला मिळाला. ती पाया पडली. सगळा बाजार म्हणतो, सोनाबाईचं मन मोठं.

मास्तर थांबलेत. लिहा हो.

सगुणा, राही मला आधी दिसली, की इथून जाताना तू बोललीस ते आधी आठवलं? "या वासात मी जन्म काढायची नाय." हेच उमगत नाही. सकाळी वाटतं, भलं केलं. दुपारी वाटतं, तुझ्यावर राग काढला, वर पाया पडवून घेतलं. राहीकडे बघितलं की बरं वाटतं, आणि लगेच वाईट. तुला काय वाटतं ते कळव. शिव्या असल्या तरी मास्तर वाचतील, त्यांना सवय होईल.

माझा ओटा ऐसपैस आहे. मी अर्ध्यावर बसते. उरलेल्या अर्ध्यावर टोपली उलटी घालून ठेवते, म्हणजे कुणी टेकू नये. एका ओट्यावर दोघी बसलेल्या चालतात की नाही, ते मी साहेबांना विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

नळ आला तरी वास तोच आहे. सोसवला तर ये.

त्या कागदावर उठवला तोच अंगठा इथे उठवते.

तुझी सासू,
सोनाबाई