शेंदराखालचा दगड

४ फेब्रुवारी १९७४
अक्कलकोटहून एसटीने आले, फाट्यावरून दीड मैल चालले आणि माळावरची शिल्पबाग दिसली. कडुनिंबांच्या रांगेत अकरा दगडी माणसं, जिवंत माणसाएवढी. एक बाई दळते आहे, एक जण गुडघ्यावर वही घेऊन बसला आहे. खात्याच्या यादीत मात्र दहाच आहेत. नोंद चुकली असावी. शिल्पकार वारले, म्हणून देखरेखीला माझी नेमणूक, सध्या तात्पुरती. दादा, माझे वडील, सोलापुरात हातमागावर कामाला असतात, त्यांना वाचता येत नाही. तरी माझं नेमणुकीचं पत्र त्यांनी पाठ करून अख्ख्या पेठेला म्हणून दाखवलं. घरातली पहिली पदवीधर मी.

७ फेब्रुवारी
गावकऱ्यांनी एकूण एक मूर्ती तेल-शेंदराने थापली आहे. दोन बोटं जाडीचा थर, नाकडोळे बुजलेले, वर मुंग्या. माळी मल्लप्पा आणि त्याची बायको मल्लव्वा यांना समजावलं, की ही कला आहे, देव नव्हेत. मल्लप्पा हसला. देव न्हाईत, ठाव हाय की, म्हणाला. मागच्या खाणीतला हा दगड वारा लागला की दुधासारखा नासतो, म्हणून झाकायचा. वीस तारखेला साहेब पाहणीला येणार. मूळ शिल्पं दिसली तर मी कायम होईन.

११ फेब्रुवारी
दळणाऱ्या बाईचा शेंदूर आज रॉकेल लावून खरवडला. मल्लव्वा दंड धरून ओढत होती, “बेडव्वा, बेडव्वा,” नको गं म्हणून. थर सालीसारखा निघाला, डाव्या हाताने ओढून काढला. खाली चेहरा पांढरा, ओला. बोट दाबलं तर खळगा पडला. वास आंबलेल्या चरबीचा.

१३ फेब्रुवारी
खळग्यात पिवळं पाणी. माश्या. डाव्या हाताच्या नखांत काहीतरी मऊ अडकलंय. साबण, राख, चुना, सगळं झालं. भाकरी तोंडाशी नेली की ओकारी येते.

१५ फेब्रुवारी
बाईचा जबडा गळून जात्यात पडला. जातं काठोकाठ भरलंय. आतला लगदा तार धरतोय.
माझं एक नख निघालं. दुखलं नाही. खाली पांढरं, ओलं.

१६ फेब्रुवारी
डॉक्टर गाठायचा म्हणून फाट्यापर्यंत गेले. चालताना वारा लागला तसं ते पांढरं मनगटावर चढलं, मग कोपरापर्यंत. एसटीत चढले, तर कंडक्टरने नाकाला रुमाल लावून खाली उतरवलं. हात पदरात गुंडाळून परत.

१८ फेब्रुवारी
वहीवाल्याच्या पायात चप्पल आहे. टायरची. शेंदरातून टाच दिसते—
मल्लप्पाला विचारलं. म्हणाला, तुमच्याआधीचा कारकून, शिवप्पा. त्यानंबी खरवडलं हुतं.

१९ फेब्रुवारी, सकाळ
खांदा. मान. दाबलं की बोट आत—
मीच मल्लव्वाला बोलावलं.

दुपार
ओट्यावर बसवलंय. बाया घंगाळात शेंदूर कालवतायत. हात हलके आहेत त्यांचे. तेल कोमट.
“भिऊ नगं पोरी,” मल्लव्वा म्हणते. “वारा लागला न्हाय, की नासत न्हाय.”
पाय झाले. पोट. गळा.
उजवा हात शेवटी घ्या म्हटलं. वही गुडघ्यावरच राहू द्या म्हटलं.
उद्या साहेब बारा मोजतील. यादीत दहा.
दादांना कोणी सांगा, पत्र आता म्हणून दाखवू नका, मी इथं काय—
ओठ झाले.
बोटं जड—
मल्लव्वा, थोडं थांब, एवढंच वाक्य