येसर आणि जहिरावहिनीची वाटी

२ फेब्रुवारी, मिरजगाव
धाकटी लेक मोनिका सासरी गेल्यापासून आमची ही, रंगू, गप्प. ‘हं’ नाहीतर ‘न्हाई’. डॉक्टर म्हणाले, माणसांत ठेवा. मी लगेच मार्ग काढला. तिचा येसर विकायचा! डाळी-मसाले भाजून दळलेला, आमटीला लावला की गल्लीभर वास. गिऱ्हाइकं येतील, ही बोलती होईल. अशा वेळी माझं डोकं बरं चालतं.

५ फेब्रुवारी
मोबाईलवर नियम वाचले. घरातून विकलं तरी नोंदणी लागते. पाकिटावर नंबर, आत काय घातलं, कधी केलं, कधीपर्यंत खायचं. सोपं आहे. अर्ज धाडला. रंगूला विचारलं, किती दिवस टिकतो? म्हणाली, उरलाय कधी?

९ फेब्रुवारी
शेजारच्या जहिरावहिनी वाटी घेऊन येसर मागायला आल्या. ओट्यापाशी बसून दोघी मिरच्यांचे देठ खुडू लागल्या. रंगू हसल्यासारखी वाटली. पण स्वच्छतेचे नियम कडक. डोक्याला टोपी हवी, बाहेरचं माणूस आत नको, सुटा माल नको. गोडीतच सांगितलं. वहिनी म्हणाल्या, भाऊ, आता वाटीलाबी लायसन लागतं का? आणि गेल्या. गमतीनंच असणार.

१० फेब्रुवारी
वाटी इथंच राहिली. रंगू म्हणाली, भरून द्या, रिकामी देत न्हाईत. मी म्हटलं, पॅकिंग झाल्याशिवाय माल बाहेर जाणार नाही. उकळत्या पाण्यातून काढून, लख्ख पुसून स्वतः देऊन आलो. एवढी स्वच्छ वाटी त्यांनी बघितली नसेल. वहिनींनी वाटीत बघितलं आणि दार लावून घेतलं. भारावल्या.

२० फेब्रुवारी
नंबर आला! पाकिटं सील केली. दारावर बोर्ड लावला: कामाशिवाय आत येऊ नये. कोणी आलं नाही. रोज दारात टेकणाऱ्या समोरच्या आक्काबाईही हल्ली रस्त्यावरूनच जातात. जाहिरात कमी पडतेय.
रंगूचं ‘हं’सुद्धा कमी झालंय. कामात लक्ष लागलं असावं.

२७ फेब्रुवारी
रंगूनं सकाळी एक सीलबंद पाकीट कात्रीनं कापलं, आमच्या वाटीत ओतलं, पदराखाली धरलं. कुठं, विचारलं. म्हणाली, जहिराकडं. तिथं बसू देत्यात.
दिवस कलला. आली नाही. भिंतीपलीकडून हसणं ऐकू येतंय. एक हसणं ओळखायला जरा वेळ लागला.
मी ओटा पुसला. टोपी घालूनच. सगळं नियमात आहे. स्वयंपाकघरात माशीसुद्धा नाही.