बन्सीधरची गिटार

मु. पेडगाव, जि. परभणी
१८ जानेवारी

बजरंगला चोर म्हणालास म्हणं. वीस वर्षं तुझ्या बापासंगं आर्केस्ट्रात ढोलकी वाजवली त्यानं, बापाला खांदा दिला, अन् त्याला फोनवर चोर? त्याच्या दुकानात तवा गिऱ्हाईक बसलेलं. तुझी जीभ माझ्यावर गेलीय जीवन, पण मी निदान माणूस बघून बोलते.

आता आशीर्वाद घे. आमी दोघी बऱ्या हाव. तुझ्या मायचा गुडघा दुखतोय तसाच. हरभरा घाट्यावर आलाय. तू फोन उचलत न्हाईस म्हणून लिहायलेय. दुसरी शिकलेय, चुका काढू नको.

बाबाची गिटार मिळाल्याबिगर वाजवणार न्हाई, तो आवाज तिच्यातच व्हता, असं मायला म्हणालास. काय डोंबलाचा तिच्यात. तुझा बाप आर्केस्ट्रात लागला तवा मागून आणलेल्या गिटारीवर वाजवायचा. एक तार तुटकी. तरी वऱ्हाडी हातातला घास धरून ऐकायचे. लाकडात काय असतंय? असल ते हातात.

हे तुझ्या गळी उतरवायलेय, त्याला कारण हाय.

गिटार बजरंगनं नेली न्हाई. त्यानं नेली असं मी तुला सांगितलं, ते खोटं. दहाव्याला तुमी गडीमाणसं नदीवर गेलते. घरात सुतकाचं धुणं चाललं व्हतं. भांडी, गोधड्या, बाज. तुझ्या बापानं शिवलेलं काही बिनधुतलं ठेवायचं न्हाई म्हणून गिटार बी हौदावर नेली. बाकीच्याला थंड पाणी, तिला कोमट घेतलं. आत पाणी घालून खळबळून काढली अन् परसात उन्हाला उभी केली. दुपारपर्यंत तिचं पोट फुगून उकललं.

तुमी यायच्या आत गोधडीत बांधून माळ्यावर टाकली. तू विचारलंस तवा तोंडात बजरंगचं नाव आलं. का आलं, मला ठाव न्हाई.

परवा तुझ्या मायनं मोबाईलवर तुझं कालेजातलं जुनं वाजवणं लावलं. गिटार तुझ्या दोस्ताची. मी चुलीपाशी व्हते, बघितलं न्हाई, नुसतं ऐकलं. तुझा बाप वाजवता वाजवता एका जागी जरा थांबायचा, पाणी प्यायल्यावानी, अन् मग पुढं जायचा. तू बी तिथंच थांबलास. भाकर करपली.

चार महिने झाले बन्सीला जाऊन. तू बी हात खाली टाकलास तर ते थांबणं मी कुठं ऐकू?

माझ्यावर राग धर, लागल तेवढा. वाजवणं सोडू नको. आधी बजरंगची माफी माग, अन् त्याला माझं नाव सांग, लपवू नको. तुकडे पाहिजे असले तर येऊन ने. दुसऱ्याच्या हाती मी देणार न्हाई.

उत्तर तू स्वतः लिही. मायला फोन करून "आजीला सांग" म्हणशील तर मी ऐकून घेणार न्हाई.

बन्सीची माय,
दगडाबाई